गव्हातली हरणखुरी मरत का नाही? (रुंद पानांच्या चिवट तणांबद्दल)

बांधावरचा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गहू ३५ दिवसांचा असताना २,४-डी (रुंद पानांच्या तणांवरचं तणनाशक) मारलं. चाकवत दुसऱ्याच दिवशी पिळवटला आणि दोन आठवड्यांत वाळून गेला. हरणखुरीचीही (काही जण चांदवेल म्हणतात) पानं मुरडली, शेंडे गळ टाकल्यासारखे वाकले. म्हटलं, गेली एकदाची. तिसऱ्या आठवड्यात बघतो तर त्याच जागेवर जमिनीतून नवे कोंब. आता ती गव्हाच्या ताटांना वेटोळे घालत वर चढतेय आणि ओंब्यांचं वजन आलं की ताटं घेऊनच खाली बसणार. दोन वर्षांपूर्वी खाटेएवढा एक पट्टा होता. आता तीन पट्टे आहेत आणि त्यातला एक बैलगाडी उभी राहील एवढा.

प्रश्न असे: मात्रा दुप्पट करू का? औषध बदलू का? की या तणाला औषधाची सवयच झाली? "उपटून टाका" असं सुचवणार असाल तर आधीच दंडवत. उपटून झालंय, तीनदा.

---

गोगलगाय

वाचतोय. आमच्याकडेही हेच दुखणं.

---

मुळापासून

दादा, दुप्पट मात्रा अजिबात नको. ही चूक मी केलेली आहे.

२,४-डी हे झाडाच्या स्वतःच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. पानातून आत शिरून ते अन्नरसाबरोबर मुळाकडे उतरलं पाहिजे. मात्रा जास्त झाली की पानं आणि देठ एवढ्या घाईने करपतात की खाली न्यायला वाहनच उरत नाही. वरून बघायला झकास, आठवड्यात रान काळं. खाली मूळ मात्र जिवंत. चाकवत वर्षायू आहे, वरचं मेलं की तो मेला. हरणखुरी बहुवर्षायू. तुम्ही तिची फक्त हजामत केलीत.

दुसरं म्हणजे तुमच्या पट्ट्यात बियांतून आलेली रोपं किती आणि जुन्या मुळांवरची किती, ते बघा. बियांतून आलेल्याला आधी दोन दलपत्रं असतात, जवळपास चौकोनी, टोकाला खाच असलेली. मुळावरून फुटलेल्याला ती नसतात, थेट बाणाच्या टोकासारखं खरं पानच बाहेर येतं. बियांची रोपं कोवळी असताना फवारणीने मरतात. काही आठवड्यांतच त्यांनाही मूळ धरतं, मग ती थोरल्यांच्या पंगतीत.

---

बुजगावणं

"तुम्ही तिची फक्त हजामत केलीत." हे छापून पंपावर चिकटवणार आहे.

---

दोन_डवरे

आधी मला सांगा, नोझल कोणतं होतं? आणि पाणी किती लागलं?

---

बांधावरचा

@दोन_डवरे, जे कीटकनाशकाला वापरतो तेच. गोल फिरणारा धुरळा पडतो ते. पाणी मोजलं नाही हो, टाकी संपेपर्यंत चाललो.

@मुळापासून, बघून आलो. दलपत्रं एकालाही नाहीत. सगळी मुळावरची.

---

दोन_डवरे

वाटलंच होतं.

ते पोकळ शंकूचं नोझल. किडीसाठी बरोबर, कारण बारीक थेंब पानाच्या खालीवर सगळीकडे जायला हवे असतात. तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं नोझल लागतं, नाहीतर फ्लडजेट. शंकूच्या नोझलने एका ओळीवर दुप्पट पडतं आणि शेजारची कोरडी राहते. वर बारीक थेंब वाऱ्याने उडतात ते वेगळंच.

पाणी मोजायला काही अवघड नाही. १० मीटर बाय १० मीटर जागा आखा. टाकीत साधं पाणी मापून भरा, नेहमीच्या चालीने आणि नेहमीच्या दाबाने ती जागा फवारा, उरलेलं पाणी मापा. गेलेल्या लिटरला १०० ने गुणलं की हेक्टरी पाणी आलं. म्हणजे ४ लिटर गेलं तर हेक्टरी ४००. मग त्या हिशोबाने टाकीत औषध किती ते ठरतं. चाल बदलली की हिशोब बदलला, म्हणून पंप ज्याच्या पाठीवर असणार त्यानेच हे करायचं. मुलाने मोजून बापाने फवारायचं नाही.

---

शेवंता

आणि पंप धुतला का ते विचारा कुणीतरी!

मागच्या वर्षी आमच्या घरच्यांनी गव्हावर २,४-डी मारलं, पंप दोनदा नुसता विसळला आणि पुढे त्याच पंपाने कपाशीवर किडीचं औषध मारलं. दहा दिवसांनी कपाशीची नवी पानं भेंडीच्या पानासारखी, बोटं बोटं झालेली. मी आधी रोग समजले. फोटो दाखवत फिरले, कुणी विषाणू म्हणालं, कुणी झिंक कमी. शेवटी एका म्हाताऱ्या मामांनी लांबूनच पाहून विचारलं, "पंप कुणाचा?"

कपाशीला हे औषध इतकं लागतं की नळीत, गाळणीत, नोझलच्या कपात राहिलेलं थेंबभरही पुरतं. तेव्हापासून आमच्या घरात दोन पंप आहेत. तणाच्या पंपावर तांबडी पट्टी.

---

मास्तर_निवृत्त

शेवंताताईंचा अनुभव बोलका आहे. दोनच गोष्टी जोडतो.

२,४-डीचे प्रकार असतात. सोडियम आणि अमाइन क्षार पाण्यात विरघळतात, हवेत फारसे उडत नाहीत. एस्टर मात्र पानात लवकर शिरतो आणि ऊन तापलं की फवारल्यानंतरही वाफ होऊन शेजारच्या रानात जातो. त्यामुळे जवळ कपाशी, टोमॅटो किंवा द्राक्ष असेल तर एस्टरच्या वाटेला जाऊ नये. क्षारांची खोड वेगळी. जड पाण्यातला चुना त्यांना धरून ठेवतो आणि औषध निम्मं निकामी होतं.

पिकाची अवस्था त्याहून महत्त्वाची. गव्हाला पुरेसे फुटवे आल्यावर आणि कांडी धरायच्या आधी, एवढीच खिडकी आहे. त्याआधी मारलं तर पानं कांद्याच्या पातीसारखी गुंडाळतात आणि ओंबी त्यात अडकून वाकडी निघते. कांडी धरल्यावर, पोटरीत मारलं तर दाणेच भरत नाहीत. धागाकर्त्यांचे ३५ दिवस साधारण बरोबर होते, पण दिवस मोजण्यापेक्षा ताट उपटून बघावं. उशिरा पेरलेला गहू आणि वेळेवर पेरलेला गहू ३५ व्या दिवशी सारख्या वयाचे नसतात.

---

ओंबी

मग मेटसल्फ्युरॉन का नाही सुचवत कुणी? आम्ही तेच वापरतो. हेक्टरी ४ ग्रॅम क्रियाशील घटक, बास. चार ग्रॅम! दहा हजार चौरस मीटरला! पहिल्यांदा पुडी हातात घेतली तेव्हा मला वाटलं विक्रेत्याने नमुना दिलाय.

---

हिरवा_चष्मा

चार ग्रॅमने दहा हजार चौरस मीटरवरची झाडं मरतात, यात आनंद वाटायचं कारण कळलं नाही. ते मातीत कुठे जातं याचा विचार?

---

ओंबी

@हिरवा_चष्मा, प्रश्न रास्त आहे, पण टोमणा नको होता.

ते जातं कुठे याचं उत्तर मला महागात पडून कळलंय. हे औषध झाडाला तीन विशिष्ट अमिनो आम्लं बनवू देत नाही, म्हणजे उपासमार. त्यामुळे तण जागच्या जागी थांबतं, पण मरायला दोन-तीन आठवडे घेतं. पहिल्या वर्षी आठ दिवस वाट पाहिली, काहीच दिसेना, म्हणून पुन्हा मारलं. तण गेलं. पण पुढच्या हंगामात त्याच तुकड्यावर सूर्यफूल टाकलं, ते वीतभर वाढून पिवळं पडून बसलं. आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठाच्या वर. अशा जमिनीत हे औषध सावकाश विघटित होतं, आम्लधर्मी जमिनीत लवकर. लेबलवर पुढच्या पिकाबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. वाचलं कुणी?

---

बुजगावणं

लेबलवरचं वाचायला जे भिंग लागतं ते पुडीबरोबर फुकट द्यायला हवं.

---

कुळवकरी

मूळ प्रश्नातलं "सवय झाली का" हे राहिलंच. माझं मत: नाही. सवय (प्रतिकारक्षमता म्हणा) असती तर पानं मुरडली नसती आणि शेंडे वाकले नसते. औषध लागलं, पण खोलवर पोचलं नाही.

पण सवय ही खरी गोष्ट आहे, हसण्यावारी नेऊ नका. २,४-डी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलं गेलं, लढाई संपता संपता बाजारात आलं आणि १९५७ मध्ये त्याला दाद न देणारं तण नोंदवलंही गेलं. हवाईतल्या उसात. तण कोणतं? आपल्या केना तणाचा सख्खा भाऊ! त्याच वर्षी कॅनडातल्या रानगाजरातही तेच दिसलं. सल्फोनिल्युरियाचं (मेटसल्फ्युरॉन ज्या गटातलं, त्या औषधांचं) तर विचारू नका. अमेरिकेत आयडाहोमध्ये गव्हाच्या रानात १९८७ मध्ये एक काटेरी रानसालीट सापडलं. तिथे हंगामामागून हंगाम हाच गट फवारला होता, चार-पाच वर्षांत तण निर्ढावलं. त्यामुळे ओंबीताई, दरवर्षी तीच पुडी नको. गट बदला.

---

ओंबी

दादा, ताई नाही, दादाच. :)

---

कुळवकरी

क्षमस्व दादा. ओंबी म्हटल्यावर गडबडलो.

---

हिरवा_चष्मा

माझा सूर चढला होता, ओंबी यांची माफी मागतो. पण मुद्दा सोडत नाही. सगळे बाटलीभोवतीच फिरताय. मी फवारत नाही, तरी माझ्या रानात चाकवत फारसा नसतो. पेरणीआधी रान ओलवतो, वाफसा आला की तणाचं पहिलं पीक उगवू देतो, मग वरवर एक कुळवाची पाळी आणि मगच पेरणी. पाळी वरवरच. खोल गेलात की खालचं नवं बी वर आणलंत. दोन ओळींतलं अंतर कमी करून गहू दाट ठेवला की तो लवकर जमीन झाकतो. चाकवताच्या बियाला उगवायला उजेडाची चाहूल लागते, सावलीत ते झोपून राहतं.

---

बुजगावणं

उजेडाची चाहूल लागते म्हणजे रात्री अंधारात पाळी घातली तर?

---

हिरवा_चष्मा

थट्टा नाही, हे करून बघितलंय लोकांनी! जर्मनीत रात्री नांगरून प्रयोग झालेत. काही रुंद पानांची तणं कमी उगवली, काहींना फरक पडला नाही, निकाल दरवेळी सारखा येत नाही. मी स्वतः एकदा केलं. तण कमी झालं का ते सांगता येणार नाही, पण कुळव बांधावर चढला.

---

मास्तर_निवृत्त

उजेडावरून आठवलं. अवांतर आहे, पण राहवत नाही.

विल्यम बील नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, अमेरिकेतल्या मिशिगनचे. तण किती वर्षं निंदायचं, एकदा तरी संपेल का, हा शेतकऱ्याचा प्रश्न त्यांनी फार मनावर घेतला. १८७९ मध्ये त्यांनी २० बाटल्या वाळू आणि बियांनी भरल्या. प्रत्येकीत २१ प्रकारच्या झाडांच्या ५०-५० बिया. त्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि पेरून बघायची. बील गेले, पण प्रयोग चालूच आहे. २०२१ मध्ये एक बाटली काढली, तीही रात्री, बियांना उजेड लागू नये म्हणून. १४२ वर्षांनी त्यातलं एका जातीचं बी उगवलं, पिवळ्या फुलांचं एक रुंद पानांचं तणच ते.

तेव्हा "यंदा निंदलं, आता सुटलो" असं कुणी म्हणालं की मला त्या बाटल्या आठवतात.

---

गोगलगाय

बापरे. वाचनखूण साठवली.

---

रानवाट

गव्हाचं चाललंय त्यात ज्वारीचं घुसडतो, धागाकर्ते रागावणार नाहीत ही आशा. टारफुल्यावर कुणी बोलेल का? तोही रुंद पानांचाच, आणि त्याच्यापुढे हरणखुरी म्हणजे साधी पाहुणी.

माझ्याकडे ज्वारी ओलीत असूनही दुपारी मान टाकते, पानांवर पिवळे-जांभळट डाग. पाणी देतो, फरक शून्य. महिन्याभराने बुडाशी ती नाजूक पांढरी फुलं दिसतात. दिसतात तेव्हा खेळ संपलेला असतो.

---

मुळापासून

@रानवाट, कारण तो जमिनीवर यायच्या कितीतरी आधी ज्वारीच्या मुळाला चिकटलेला असतो. तुमचं पाणी आणि खत तो पीत असतो. निंदून फायदा यंदाच्या पिकाला नाही, पुढच्या पिकाला. बी धरायच्या आत उपटला तर. एका झाडाला हजारोंनी बी, तपकिरीच्या भुकटीसारखं, आणि वर्षानुवर्षं जमिनीत टिकणारं.

त्याची गंमत (तुमच्यासाठी नाही, अभ्यासासाठी) अशी की ते बी आपणहून उगवतच नाही. जवळ मूळ आहे असा रासायनिक निरोप मिळाला तरच उगवतं. हा निरोप पहिल्यांदा शोधला कपाशीच्या मुळांत, १९६६ मध्ये. गंमत म्हणजे कपाशीवर टारफुला वाढू शकत नाही. मुळं हा निरोप खरं तर उपयोगी बुरशीला बोलवायला सोडतात, स्फुरद कमी पडलं की जास्तच. टारफुला ते बोलणं चोरून ऐकतो.

यातच उपाय आहे. कपाशी, भुईमूग किंवा चवळी लावा. बी फसून उगवतं, चिकटायला घर सापडत नाही, मरतं. अमेरिकेत कॅरोलायनात १९५६ मध्ये हे तण सापडलं तेव्हा त्यांनी जमिनीत इथिलीन वायू सोडून बियांना असंच फसवलं. आणि गेबिसा एजेटा या शास्त्रज्ञांनी टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी पैदा केली, त्यासाठी त्यांना २००९ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. काही वाणांची मुळं तो निरोपच कमी सोडतात. म्हणजे मुकी ज्वारी.

---

बुजगावणं

मुकी ज्वारी, बहिरा टारफुला. संसार सुखाचा.

---

रानवाट

फेरपालटात चवळी घालून बघतो. स्फुरदाचंही डोक्यात ठेवतो. आभार, कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

---

शेवंता

हरणखुरीकडे परत या की. त्या दादांचा गहू लोळायला आलाय.

---

कुळवकरी

यंदाच्या गव्हात आता काही फवारू नका, कांडी धरली असेल. पट्ट्यातली वेल बी धरायच्या आत विळ्याने कापून बाहेर काढा, मळणी यंत्रात जाऊ देऊ नका. तिचं बी गव्हाबरोबर बियाण्यात आलं की पुढच्या वर्षी पट्टे तीन नाही, रानभर.

खरा वार कापणीनंतर. धसकटात ती मोकळी पसरते, कळ्या धरते. त्या काळात पानांतलं अन्न खाली मुळाकडे जायला लागतं, औषधालाही तीच वाट मिळते. पानं हिरवी, टवटवीत हवीत. ओल नसलेल्या रानातल्या धुळकट, सुकलेल्या वेलीवर मारणं म्हणजे औषध मातीत ओतणं. जिथे परवानगी आहे आणि लेबलवर नाव आहे तेच वापरा. एका वर्षात संपणार नाही, निदान दोन-तीन हंगाम धरा.

आणि त्या पट्ट्यात रोटाव्हेटर घालू नका. मुळाचा बोटभर तुकडाही फुटतो. रोटाव्हेटर म्हणजे हरणखुरीची रोपवाटिका.

---

हिरवा_चष्मा

इथे कुळवकरींशी अर्धाच सहमत. तुकडे फुटतात हे खरं, पण फुटल्यावर ते मुळातला साठा खर्च करतात. पडीक ठेवून दर दोन-तीन आठवड्यांनी, कोंब नवे असतानाच पास चालवली आणि एकही फेरी चुकवली नाही, तर मूळ उपाशी पडतं. एक पाळी घालून सोडून दिली तर मात्र नुकसानच. म्हणजे सुरुवात करायची तर शेवटपर्यंत, नाहीतर हातच लावायचा नाही.

---

दोन_डवरे

आणि तो कुळव पट्ट्यातून चांगल्या रानात नेताना थांबून फाळाला गुंतलेलं काढा. तीन पट्टे झाले ते असेच, पैज लावतो. एका रेषेत आहेत ना?

---

बांधावरचा

@दोन_डवरे, आत्ता जाऊन बघितलं. एका रेषेत आहेत. पेरणीच्या दिशेने. पैज लावली नव्हती ते बरं.

सगळ्यांचे आभार, खूप कळलं. यंदा फवारणी बंद, वेल कापतोय. नोझल बदललं, १०० चौरस मीटरचं मापही करून बघितलं. मी हेक्टरी जवळपास निम्मंच पाणी टाकत होतो.

काल एक उद्योग केला. मोठ्या पट्ट्याच्या कडेला खड्डा घेतला, एका मुळाचा माग काढत. वरचं वीतभर सुतळीएवढं, पांढरं, मोडलं की चिकट दूध. गुडघ्याएवढं खोल गेलो, तिथे त्याला आडवी फांदी फुटून ती गव्हाच्या चांगल्या ओळींखाली गेलेली. सरळ खाली जाणारं मूळ तसंच पुढे. कमरेएवढा खड्डा झाला, मूळ अजून खालीच चाललेलं, जाडी फारशी कमी नाही. शेजारचे काका विचारायला आले, विहीर काढतोस का. खड्डा बुजवला.

आता तिन्ही पट्ट्यांच्या कडेला खुंट्या ठोकल्यात. कापणीनंतर कळ्या आल्या की एका पट्ट्यावर औषध, एकावर हिरवा_चष्मा यांची पाळी, आणि तिसरा तसाच सोडतो. पुढच्या हंगामात खुंटीपासून मोजून इथे लिहीन, कोण किती सरकलं ते.

---

मुळापासून

तिसरा सोडताय तर निदान फुलं तरी खुडा. बी पडू देऊ नका.

---

बुजगावणं

खुंट्या उंच ठोकल्या नाहीत ना? चढेल ती.

---

बांधावरचा

एकीवर चढलीय.